पेराझी की बेरेटा: पाच मिलिमीटरने फिरवलेला निकाल

ट्रॅप, म्हणजे हवेत उडवलेल्या डांबरी चकत्या (क्ले) छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडायचा खेळ, त्यासाठी स्वतःची बंदूक घ्यायची आहे. भोपाळला काही बंदुका मारून बघितल्या आणि परतल्यावर मी लिहिलं होतं की ठरलं, पेराझीच घ्यायची. तो निर्णय आज मागे घेतो आहे. बेरेटाकडे वळलोय असंही नाही. गेल्या तीन आठवड्यांत पॅटर्नच्या पत्र्यावर (छर्रे नेमके कुठे बसतात ते दाखवणाऱ्या) जे दिसलं, त्यानंतर भोपाळचे आकडे मला वेगळेच दिसायला लागले.

ते आकडे पुन्हा देतो. आपल्या रेंजवरच्या बेरेटा ६८२ वर मी आठ महिने २५ पैकी १७-१८ वर अडकलेलो. भोपाळच्या बंकरवर (जमिनीखालच्या मशीनमधून क्ले सुटतात ती रेंज) मित्राच्या पेराझी एमएक्स-८ ने २१ आणि २२. ब्राउनिंग ७२५ ने १९. आणि जिच्यासाठी वर्षभर पैसे साठवत होतो, त्या बेरेटा डीटी-११ ने १७ आणि १६. सगळ्यांचं एकच म्हणणं: हात पेराझीवर बसलाय, डोळे मिटून घे. मलाही पटलं. एमएक्स-८ ट्रॅपसाठीच घडवलेली. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ट्रॅपचं सुवर्ण जिंकलेला एन्नियो मात्तारेल्ली आणि दानिएले पेराझी यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी ती तयार केली, नावातलं एमएक्स तिथूनच आलं. अशी बंदूक खांद्याला लागल्या लागल्या क्ले फुटायला लागली, तर माणूस आणखी काय पुरावा मागणार?

परत आल्यावर रेंजवरच्या काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंदूक बदलून राहिला तू, पण या बंदुकीचा मारा कुठं बसते ते तं पाह्य आधी." आठ महिन्यांत हे एकदाही केलं नव्हतं, हे कबूल करतो. चोक (नळीचं तोंड अरुंद करणाऱ्या नळ्या) बदलून झाले, काडतुसं बदलून झाली, पण पत्र्यासमोर उभा राहिलो नव्हतो.

रेंजमागचा जुना लोखंडी पत्रा चुन्याने पांढरा केला, मधोमध डांबराचा ठिपका दिला. १५ मीटरवरून, फुल चोक, नेहमीचंच २४ ग्रॅमचं काडतूस. नेम धरायचा नाही. बंदूक खांद्याला आणायची, ठिपका दिसला की ट्रिगर. पाच काडतुसांनंतर ताटाएवढं काळं वर्तुळ उठलं आणि त्याचा मध्य ठिपक्याच्या २ सेंटीमीटर खाली! ट्रॅपमध्ये क्ले चढत जाते, म्हणून मारा वर हवा. साधारण ७०-३० चा मारा (७० टक्के छर्रे नेमाच्या वर, ३० खाली) हवा असेल तर १५ मीटरवर मध्य ५-६ सेंटीमीटर वर बसायला पाहिजे. माझा खाली. म्हणजे आठ महिने मी प्रत्येक क्लेच्या पोटाखालून छर्रे सोडत होतो, आणि जे १७-१८ फुटत होते ते नळीने क्ले झाकून, अंदाजाने वर मारल्यामुळे.

कारण सरळ आहे. माझा चेहरा हाडकुळा, गाल कोमवर (दस्त्याच्या वरच्या कडेवर) टेकला की डोळा फार खाली जातो. शॉटगनला मागचा साइट नसतो, डोळाच मागचा साइट. तो खाली गेला की मारा खाली. हिशोब असा की डोळा ते नळीच्या टोकावरचा मणी हे अंतर मीटरभर, म्हणून कोम दीड मिलिमीटर उचलला की १५ मीटरवर मारा २ सेंटीमीटर चढतो. मला ७ सेंटीमीटर चढायचं होतं, म्हणजे ५ मिलिमीटर. इतकंच. पाच मिलिमीटर!

इथून पुढे जे झालं त्याने मात्र वेड लागायची पाळी आली.

बंदूक रेंजची, दस्त्याला करवत लावायचा प्रश्नच नव्हता. परवानगी घेऊन फोमची पट्टी कोमवर बसवली आणि कापडी चिकटपट्टीने गुंडाळली. पत्रा रंगवला, पाच काडतुसं. मध्य ४ सेंटीमीटर वर आला, पण ३ सेंटीमीटर डावीकडे सरकला. थर वाढवला. आणखी वर, आणखी डावीकडे. वाटलं खांद्याला लावताना हात वळतोय. दुसऱ्या दिवशी आरशासमोर रिकामी बंदूक शंभरदा लावली. पत्र्यावर पुन्हा डावीकडेच. चार दिवस, जवळजवळ ८० काडतुसं या एका गोष्टीत गेली, आणि रोज संध्याकाळी वाटायचं की खरंच पेराझी मागवून मोकळं व्हावं.

त्यात मे महिना. सकाळी सहाला सुरू केलं तरी साडेआठला पत्र्याला हात लागत नाही. पाचव्या दिवशी पारा ४४ ला गेला, चिकटपट्टीचा गोंद वितळला आणि राउंडच्या मध्येच अख्खी पट्टी मागे घसरली. गालावर काळा चिकट पट्टा उमटला, तो खोबरेल तेलाने निघाला. उन्हाळ्यात शूट करणाऱ्यांना सांगून ठेवतो, कापडी चिकटपट्टी ऑक्टोबरनंतर वापरा. आणि क्ले टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. ती डांबराची असते, तापून मऊ पडते, छर्रे आरपार जातात आणि क्ले फुटतच नाही. परवा माझ्या हातात दोन भोकं पडलेली अख्खी क्ले आली. तुकडा उडाला नाही तर पंच लॉसच, म्हणजे चुकलेलीच, देणार. आम्ही आता पेट्या वाळ्याच्या कूलरसमोर ठेवतो. फरक लगेच दिसतो, मारा बसला की काळा धूर उडतो.

असो. तर घसरलेली पट्टी काढताना ती आडवी कापली गेली आणि गोष्ट डोळ्यांसमोर आली. फोम कोमच्या माथ्यावर होताच, पण चिकटपट्टीचे वेढे बाजूनेही चढत गेले होते. डाव्या अंगाला जवळजवळ ३ मिलिमीटर जाडी झालेली. मी उजव्या खांद्याचा, गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो. ती जाडी माझा चेहरा डावीकडे ढकलत होती, डोळा रिबच्या (नळीवरच्या सपाट पट्टीच्या) डावीकडे जात होता, आणि मागचा साइट डावीकडे गेला की मारा डावीकडे जाणारच. हात वळतच नव्हता!

सगळं सोलून काढलं. बोटभर रुंदीच्या पट्ट्या फक्त माथ्यावर ठेवल्या, बाजू मोकळी. पाच काडतुसं. मध्य ५ सेंटीमीटर वर, ठिपक्याच्या सरळ रेषेत. मी ते वर्तुळ बराच वेळ बघत उभा होतो.

पण घामाने पट्ट्या टिकणार नव्हत्या. बंदूक घेऊन बाजारात फिरता येत नाही, म्हणून पुठ्ठ्यावर कोमचा आकार काढला आणि नागपुरातल्या लकडगंजला गेलो. तिथल्या सुताराने सागाच्या तुकड्यातून दस्त्याच्या वरच्या भागाचा हुबेहूब नमुना काढून दिला, पॉलिश पेपर मारून. तो घेऊन इतवारीतल्या चांभारदादांकडे. त्यांनी नमुना उलटसुलट केला, अंगठ्याने माथा दाबून पाहिला. "कायचं आहे हे?" सांगितलं. "मंग फोम नका टाकू, दबून जाते. सायकलच्या ट्यूबचे थर टाकतो, एकावर एक, वरून म्हशीचं कातडं. खाली नाडी घ्या, काढता-घालता येते." दोन दिवसांत तयार. माथ्यावर ट्यूबचे थर, बाजूला एकपदरी पातळ कातडं, खाली बुटासारखी नाडी. बाहेरून मागवलेले तयार कोम-पॅड मी दोन वापरलेत, दोन्ही बाजूने जाड. हे त्यांच्यापेक्षा चांगलं आहे, आणि एक थर कमी-जास्त करायचा तर शिवण उसवून दहा मिनिटांत होतं.

त्यानंतरचे राउंड: २०, १९, २२, २१. बंदूक तीच ६८२. २२ च्या राउंडमध्ये १७ पहिल्याच काडतुसाला गेल्या. चौथ्या स्टेशनवर उजवीकडे पळणारी एक क्ले पुल म्हटल्याबरोबर अशी धूर झाली की मागे उभे असलेले काका "वा रे पोरा" म्हणाले. ते सहसा काही बोलत नाहीत.

हे आपल्या डोलणाऱ्या एकाच मशीनवरचे आकडे आहेत. १५ मशीनच्या बंकरमधून ४५ अंशांपर्यंत फुटणाऱ्या क्लेशी त्यांची सरळ तुलना होत नाही, मान्य. तरी इथे १७ चा २१ झाला, तो नळीवरचं नाव न बदलता.

म्हणून काल भोपाळला फोन केला, एमएक्स-८ चं माप घ्यायला सांगितलं. पद्धत सगळ्यांसाठी लिहितो: बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करा, बंद करून रिब टेबलावर सपाट येईल अशी उलटी ठेवा, मणी टेबलाच्या कडेबाहेर काढा, आणि टेबलापासून कोमच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. एमएक्स-८ चं ३४ मिलिमीटर निघालं. ६८२ चं ३९, पॅड लावून ३४! डीटी-११ वाल्यालाही विचारलं. त्याचे गाल भरलेले, त्याने बी-फास्टचा (वर-खाली करता येणारा) कोम खाली बसवला होता: ३९. तो कोम किल्लीने पाच मिनिटांत वर घेता आला असता, मी मागितलाच नाही. दोन राउंड त्याच्या चेहऱ्याच्या मापाने मारले आणि दोष बेरेटाला दिला.

ब्राउनिंगचं माप ३५ आलं, तरी १९ च का, हे मला अजून उलगडलेलं नाही. तिच्या बिजागरीची पिन नळीखालून आडवी जाते, त्यामुळे खोका (नळ्या बसतात तो धातूचा भाग) बेरेटा-पेराझीपेक्षा उंच होतो, डावा हात नळीच्या जरा खाली राहतो. मला ते जाणवलं. पण एक-दोन राउंडांवरून काही ठरवायची चूक पुन्हा करायची नाही.

पेराझीबद्दल मन अजून ओढ घेतं, ते ट्रिगरमुळे. अख्खा ट्रिगर हातात काढून येतो, चपट्या स्प्रिंगा दिसतात, तुटली तर जोडीला दुसरा ट्रिगर ठेवून राउंड चालू. डीटी-११ चाही निघतो, नावातलं डीटी (डिटॅचेबल ट्रिगर) त्याचंच. पण पेराझीचा खटका काचेसारखा तुटतो, तसा मला दुसरीकडे सापडला नाही. मात्र पेराझीचा दस्ता मापाने बनवून घ्यायचा असतो आणि माझं माप आत्ता कुठे हाती आलंय. आपल्याकडे दुकानात जाऊन चार ट्रॅप गन खांद्याला लावून बघायची सोय नाही. आयातीची कागदपत्रं, परवान्यावरची नोंद, सगळं एकाच बंदुकीसाठी करायचं, मग चुकीच्या मापाची येऊन चालणार नाही.

हे लिहिता लिहिताच सुचलं: बेरेटा ६९४ बी-फास्ट घेतली तर कोम हवा तसा हलवता येईल, आणि उरलेल्या पैशांत वर्षभराची काडतुसं येतील. आधी यादीत नव्हती, आता आहे. भोपाळला ६९४ कुणाकडे असेल तर कृपया कळवा.

ऑर्डर पुढे ढकलली. दसऱ्यानंतर बैतूलमार्गे गाडीने पुन्हा भोपाळ. सोबत इतवारीचं पॅड आणि मोजपट्टी. प्रत्येक बंदुकीचा कोम आधी ३४ वर आणायचा, पत्र्यावर पाच काडतुसं मारून बघायचं, मगच राउंड, आणि प्रत्येकीवर किमान चार. तोवर या रविवारी पॅडमधला एक थर काढून ३५ वर मारून बघणार आहे. काकांच्या मते मी अजूनही जरा वर मारतोय.