ठिगळांखालची नदी

शनिवार, रात्री

शहराखाली झाकलेल्या नदीच्या बोगद्यात जायचं की नाही हे ज्याच्या हातात असतं, तो माणूस आत येतच नाही. तो वर, उघड्या मॅनहोलशेजारी बसतो, आणि त्याचं लक्ष डोक्यावरच्या आभाळाकडे नसतं. नदी जिथून येते त्या चढावर ढग जमलेत का, हे तो रडारच्या चित्रात बघत असतो. बोगद्यावर लख्ख ऊन आणि वरच्या अंगाला एक जोरदार सर, एवढं आतल्या माणसांना पुरतं. मोकळ्या रानात त्याच सरीतलं बरंचसं पाणी माती पिते, काही गवत अडवतं, आणि उरलंसुरलं ओढ्याला येतं. शहरात छपरं, डांबर आणि फरश्या काहीच पीत नाहीत. पाणी पन्हाळीतून गटारात, गटारातून नळात आणि सगळे नळ याच एका बोगद्यात. सर सुरू झाल्यापासून लोंढा पोचेपर्यंत कधी कधी पंधरा-वीस मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

जपानमध्ये ओकिनावातल्या नाहा शहरात गाबू नावाची नदी बाजाराखालून झाकून नेलेली आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या आत पाहणीसाठी उतरलेले कामगार अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेले, त्यातले चौघे वाचले नाहीत. त्यानंतर तिथे नियम झाला: पावसाचा एक थेंब पडला तरी काम टाकून बाहेर. मेलबर्नमध्ये १९८६ पासून नाले धुंडाळणारी केव्ह क्लॅन नावाची हौशी मंडळी आहे. त्यांचंही पहिलं सूत्र हेच, पाऊस असेल तर नाल्यात पाय नाही. हौशी आणि पगारी दोघांचं एकमत व्हावं अशी ही दुर्मीळ गोष्ट.

आज दिवसभर कोरडं होतं. तपासणी पथकाबरोबर, रीतसर परवानगी घेऊन गेले. पुढे मुकादम, मग वायुमापक घेतलेला मुलगा, मग मी, मागे आणखी एक जण. नदीच्या मुखातून शिरलो आणि प्रवाहाविरुद्ध चालत राहिलो. उलट चालण्याला कारण आहे. पायांनी ढवळलेला गाळ मागे वाहून जातो, पुढचा तळ स्वच्छ दिसतो. आणि पळायची वेळ आली तर पाणी आपल्याच दिशेने असतं. "ताई, काठी आधी, पाय नंतर," एवढीच मुकादमांची सूचना. नंतर ते बराच वेळ बोललेच नाहीत.

वायुमापकावर चार आकडे असतात. प्राणवायू २०.९ टक्के हवा, १९.५ च्या खाली गेला की यंत्र ओरडतं. पेट घेणारे वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे बाकीचे तीन. हा शेवटचा सगळ्यांत लबाड. अगदी थोडा असला तरी कुजक्या अंड्यांचा वास येतो, म्हणून माणूस सावध राहतो. पण प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून बरं वाटायला लागतं, आणि तीच खरी पळायची वेळ असते. शिवाय तो हवेपेक्षा जड, खाली गाळाशी साठून राहतो. काठीने गाळ हलवला की वर येतो. त्यामुळे मापक गळ्यात अडकवून भागत नाही, दोरीला बांधून खालीही सोडावा लागतो. आज चारही आकडे गुणी मुलांसारखे राहिले.

मुखाजवळ भिंतींवर हिरवं शेवाळ होतं. उजेड संपतो तिथे तेही संपतं, अगदी रेघ मारल्यासारखं. त्यापुढे भिंतीला रंग येतो तो गंजाचा आणि चुन्याचा. भूजल झिरपतं तिथे लोहजिवाणूंचा केशरी, बुळबुळीत थर. काँक्रीटच्या छताला चुन्याच्या पोकळ, पांढऱ्या, बोटभर नळ्या लटकलेल्या. पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून आणतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडली की तो चुना थेंबाच्या कडेला धरतो. गुहेतल्या लवणस्तंभांपेक्षा या कितीतरी पटींनी लवकर वाढतात. मला त्या सुंदर वाटल्या. मुकादमांना त्या दिसल्या की छताला तडा आहे एवढंच दिसतं, आणि त्यांचं बरोबर आहे.

आता जे लिहायला बसले ते. नदी झाकली असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक काम येतं: कुणीतरी ठरवलं, खोदलं, छप्पर घातलं, उद्घाटन झालं. क्वचित तसं होतंही. ब्रसेल्सने सेन नदी १८६७ ते १८७१ या चार वर्षांत ठरवून झाकली आणि तिच्यावर रुंद रस्ते काढले. पण आज ज्या नदीतून चालले ती तशी झाकलेली नाही. तिच्यावर ठिगळं लावलेली आहेत.

सुरुवातीला चौकोनी आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटची पेटी. सपाट छत, सरळ भिंती, मधोमध कोरड्या दिवसांतल्या पाण्यासाठी अरुंद चर. मग एकदम छत खाली येतं आणि घडीव दगडाची कमान लागते. दोन्ही कडांचे दगड तासून सजवलेले. आतून जाणाऱ्यासाठी कोण कशाला एवढी कलाकुसर करेल? कारण हा मुळात पूल होता, उघड्या नदीवरचा. पुढून-मागून छत येऊन भिडलं आणि पूल बोगद्याच्या पोटात गेला. त्यानंतर विटांची कमान. चुन्यातल्या जुन्या विटा, तळाजवळ पाण्याने खाल्लेल्या. मग लोखंडी तुळया आणि दोन तुळयांमध्ये विटांच्या छोट्या कमानी; हे कुठल्यातरी कारखान्याने आपलं आवार वाढवताना केलेलं. तुळयांचे पापुद्रे हाताने निघतात. मग काँक्रीटचे गोल पाइप, एकाला एक जोडलेले, त्यात वाकून चालावं लागतं आणि मान लगेच तक्रार करते. प्रत्येक तुकड्याला कारण होतं: कुणाला रस्ता हवा होता, कुणाला गोदाम, कुणाला गाड्या लावायला जागा. नदी कुणालाच नको होती असंही नाही, फक्त प्रत्येकाला आपल्यापुरती ती खाली हवी होती.

इंग्लंडमध्ये तर कायद्यानेच हे असं आहे. ज्याच्या जमिनीखालून प्रवाह जातो, त्या प्रवाहाचा तेवढा बंदिस्त भाग सहसा त्या जमीनमालकाच्या जबाबदारीत येतो. म्हणजे एकच बोगदा आणि त्याचे मालक पुष्कळ, ज्यातल्या काहींना आपल्या तळघराखाली नदी आहे हे विकत घेताना कळलंही नसेल. लंडनच्या स्लोन स्क्वेअर स्थानकात वेस्टबोर्न नदी फलाटांच्या वरून एका मोठ्या लोखंडी नळातून जाते. हजारो माणसं रोज तिच्या खालून गाडी पकडतात.

सगळी भानगड सांध्यांत आहे. तुकडा बांधणाऱ्याने आपला तुकडा नीट बांधलेला असतो. पण पेटी संपून कमान सुरू होते तिथे रुंदी बदलते, तळाची पातळी बदलते, पाण्याला कोपरा लागतो. तिथे तळ खरवडून खड्डा पडतो, किंवा गाळ बसतो. मुकादमांची काठी प्रत्येक सांध्याशी थांबायची. एका ठिकाणी ती जवळजवळ पूर्ण आत गेली. मग भिंतीला चिकटून एकेक जण पुढे सरकलो. आणखी एका सांध्याजवळ कुणीतरी छतालगत आडवी वाहिनी घुसवलेली. तिला चिंध्या, फांद्या, प्लॅस्टिक अडकून झालर लोंबत होती. झालर कुठवर आहे ते बघून पाणी किती चढलं होतं ते कळतं. माझ्या डोक्याच्या वर होती.

गणित सोपं आणि निर्दय आहे. एवढ्या लांबीतून एका वेळी किती पाणी पुढे जाणार हे सगळ्यांत अरुंद ठिगळ ठरवतं. बाकीचे तुकडे कितीही ऐसपैस असोत, त्यांचा उपयोग पाणी साठवण्यापुरता. गोल पाइपची एक गंमत म्हणजे तो पूर्ण भरल्यावर नव्हे, साधारण ९४ टक्के उंचीपर्यंत भरला असताना सर्वांत जास्त पाणी वाहून नेतो. शेवटचा तो थोडा भाग भरला की पाण्याला छतही घासायला लागतं आणि वाहणं कमी होतं. म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी तो हात आखडता घेतो. मग आतली हवा आणि पाणी दाबाखाली येतात आणि वर रस्त्यावर मॅनहोलची झाकणं उचलली जातात. ‘रस्त्यावर पाणी तुंबलं’ असं वर म्हणतात. खालून पाहिलं तर नदी आपल्या जुन्याच उंचीवर आलेली असते.

बाजूच्या भिंतीतली तोंडं मोजायचं मी मध्येच सोडून दिलं. बरीचशी मेलेली, कोळिष्टकांनी भरलेली. काही चालू. कोरड्या दिवशी पावसाच्या नळातून काहीच यायला नको. एकातून कोमट, फेसाळ, साबणाच्या वासाचं पाणी येत होतं. वर कुणाच्यातरी न्हाणीघराची जोडणी चुकीच्या नळाला झाली आहे. मुलाने भिंतीवर खडूने खूण केली, फोटो काढला. चुकीच्या जोडण्या शोधायच्या तर कोरड्या दिवशीच, पावसात सगळंच पाणी निर्दोष दिसतं.

डोक्यावरून गाडी गेली की झाकण दोनदा वाजतं, पुढच्या चाकाला एकदा, मागच्या चाकाला एकदा. मोठ्या रस्त्याखाली हे सतत, गल्लीखाली अधूनमधून. थोड्या वेळाने मला वाहतुकीवरून आपण कुठे आहोत याचा अंदाज यायला लागला. वॉकीटॉकी आत फार लांब चालत नाही, म्हणून प्रत्येक उघड्या मॅनहोलखाली थांबून वर हाक द्यायची, वरून "कोरडं" असं उत्तर आलं की पुढे. हाकेला उत्तर आलं नाही तर? मी विचारलं. "तर मागं," मुकादम म्हणाले. त्यावर चर्चा नाही.

अशा नद्यांना ‘हरवलेली नदी’ म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द आता खटकतो. गाळ काढणाऱ्या माणसांना तिचं प्रत्येक वळण पाठ आहे. तिच्या नावाने कुणी हळहळत बसावं याची त्यांना गरज वाटत नाही, दोन मॅनहोलमधलं अंतर कमी असावं याची वाटते. तिला उघडी करा, हाही लगेच सुचणारा उपाय. दक्षिण कोरियात सोलमध्ये चंगेचॉन ही झाकलेली नदी उघडली, २००३ ला काम सुरू, २००५ ला पूर्ण, तिच्या डोक्यावरचा उन्नत महामार्ग पाडून. चांगलंच केलं. पण तिथे कोरड्या दिवसांत वाहतं ते बरंचसं पाणी पंपाने आणलेलं आहे, रोज सुमारे १ लाख २० हजार टन. नदीचं स्वतःचं पाणी मधल्या काळात वाटेतच पांगलेलं असतं. छप्पर काढणं तुलनेने सोपं, पाणलोट परत मिळवणं अवघड. आजच्या नदीबद्दल मला विचाराल तर आधी ती गोल पाइपची लांबी काढून रुंद करा म्हणेन, मग वरच्या अंगाला पाणी मुरायला जागा ठेवा, आणि बागबगीचा सगळ्यांत शेवटी.

पाइप आणखी अरुंद झाला तिथे मुकादमांनी हात वर केला आणि आम्ही वळलो. पुढचा भाग कॅमेऱ्याची गाडी सोडून बघणार आहेत, माणूस नाही. त्या तुकड्याचा नकाशाच कुणाकडे नाही. कुणी घातला, कधी घातला, कागद सापडत नाही. परवानगी न काढता, एकट्याने झाकण उचलून आत जाणाऱ्यांच्या हाती तर यातलं काहीच नसतं, ना नकाशा, ना वरचा माणूस.

बाहेर आल्यावर जंतुनाशकाने हातपाय धुतले, गमबूट आतून-बाहेरून. डाव्या घोट्याला बारीक खरचटलंय, पट्टी लावली. उंदरांच्या मुत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच जखमेतून शिरतो आणि लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून महिनाभरही लागू शकतो. ताप किंवा पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना सगळ्यांत आधी नाल्याच्या पाण्यात गेले होते हे सांगायचं. तसं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, आणि घरच्यांनाही सांगितलंय, कारण तापात मलाच ते आठवेल याची खात्री नाही.