ब्याण्णव अंशांवर अडलेला गुडघा

आजोबांचा गुडघा ९२ अंशांवर अडला होता. सोमवारी मोजला तेव्हा ९२, त्याआधीच्या आठवड्यात ९२, त्याच्या आधी ९०. मे महिन्याच्या मध्यावर गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालेलं. टाके सुकले, सूज उतरली, पण पाय वाकायचं नाव घेईना. सर्जनची चिठ्ठी आली होती: पुढच्या भेटीपर्यंत शंभरी गाठली नाही तर भूल देऊन वाकवू. म्हणजे माणूस झोपलेला असताना जोर लावायचा आणि आत धरलेले पापुद्रे तोडायचे. आजोबांना ते नको होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नको होतं. फिजिओथेरपिस्टला ती आपली हार वाटते.

त्या गुडघ्यात तशी खोट काहीच नव्हती. माझा हात नुसता घोट्याजवळ गेला की आजोबांची मांडी दगड व्हायची. "सैल सोडा" म्हटलं की आणखी घट्ट. दुखण्यापेक्षा दुखेल या धास्तीने तो पाय अडला होता, आणि धास्तीवर माझ्याकडे यंत्र नव्हतं.

मी मूळचा साताऱ्याचा. फिजिओथेरपी पुण्यात शिकलो आणि २००४ पासून अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये नोकरीला होतो. आमचं क्लिनिक विलामेट नदीच्या पूर्वेला होतं. आजोबांना मी त्यांच्या नावानेच हाक मारायचो, तिथली रीतच तशी. मनातल्या मनात मात्र ते पहिल्या दिवसापासून आजोबाच. उभा जन्म लाकूडगिरणीत काढलेला, उजव्या हाताची करंगळी अर्धीच उरलेली. ते मला 'डॉक' म्हणायचे. मी डॉक्टर नाही हे तीनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

सांगतोय तो दिवस २८ जून २००७चा, गुरुवार. त्या दिवशी अख्ख्या पोर्टलंडात दुसरा विषय नव्हता. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, म्हणजे एनबीएचा ड्राफ्ट होता, आणि पहिला नंबर आमचा होता.

ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून वर येणाऱ्या बास्केटबॉल खेळाडूंची वाटणी. संघ एकामागून एक आपापला खेळाडू उचलतात आणि आधी उचलायचा मान हरणाऱ्यांना. पण त्या लोभाने कोणी मुद्दाम हरत बसू नये म्हणून वरचे नंबर सोडतीने ठरतात. तेव्हाची पद्धत अशी की पिंगपाँगचे १४ चेंडू यंत्रात घुसळायचे, चार बाहेर काढायचे; कुठले चार आले तर कोणाचा नंबर, ते आधीच वाटून दिलेलं. अशा हजार चौकड्यांपैकी आमच्या संघाकडे, ट्रेल ब्लेझर्सकडे ५३ होत्या. २२ मेला न्यू जर्सीत सोडत निघाली आणि त्या ५३ पैकी एक लागली! सगळ्यांत जास्त मार खाल्लेला मेम्फिसचा संघ बिचारा चौथ्या नंबरवर गेला. दुसरा नंबर सिॲटलला. सिॲटल आमच्यापासून गाडीने तीन तासांवर, त्यामुळे आम्ही जो सोडू तो शेजारीच राहायला जाणार आणि दर वर्षी छातीवर नाचणार, हे उघड होतं.

प्रश्न दोघांचाच होता. ग्रेग ओडेन आणि केविन ड्युरँट. शाळेतून थेट एनबीएत जायला नुकतीच बंदी आलेली, म्हणून दोघं कॉलेजात एकेक वर्ष काढून आलेले. ओडेन ओहायो स्टेटचा, सात फुटी, धिप्पाड सेंटर, म्हणजे बास्केटखाली ठाण मांडणारा. उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्या हंगामात फ्री थ्रो चक्क डाव्या हाताने टाकायचा. आणि चेहरा असा की एकोणीस वर्षांचा आहे यावर कोणाचा विश्वास बसू नये. ड्युरँट टेक्ससचा, सहा फूट नऊ इंच, नुसती काडी. पण मॅचमागे २५.८ गुण आणि ११.१ रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून परत आलेले झेललेले बॉल. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा नेस्मिथ पुरस्कार पहिल्याच वर्षात मिळवणारा तो पहिला.

आमच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी सकाळीच व्यायामांचा फळा पुसून दोन रकाने आखले, 'ओ' आणि 'डी'. आलेला पेशंट आधी रेघ मारायचा, मग बर्फाची पिशवी मागायचा. मीही कॉफीच्या आधीच 'ओ'खाली रेघ ओढून मोकळा झालो. २ एप्रिलची कॉलेजांची फायनल मी पाहिली होती. ओहायो स्टेट फ्लोरिडाकडून ८४-७५ हरली, पण ओडेनने एकट्याने २५ गुण आणि १२ रिबाउंड काढले होते. "मनगट भरून आलंय, हाडं दणकट आहेत, आणखी काय पाहिजे?" असं मी बाईंना छातीठोकपणे म्हणालोसुद्धा. मार्चमध्ये आपण वर्ल्डकपात बांगलादेशाकडून हरलो होतो आणि तेव्हापासून मी क्रिकेटचं नाव टाकलं होतं. संघनिवडीवर वाद घालायची आपली जी जन्मजात खाज असते, ती कुठेतरी भागवायलाच हवी होती.

न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी कार्यक्रम, म्हणजे आमच्याकडे ऐन कामाची वेळ. चार वाजून गेले होते. भिंतीवरचा टीव्ही एरवी मुका असायचा, त्या दिवशी आवाज सोडलेला. आजोबा टेबलावर पाय लांब करून बसलेले. टाचेखाली गुळगुळीत फळी, फळीवर उशीचा अभ्रा, म्हणजे टाच सरकायला सोपं जातं. शेजारच्या टेबलावर शाळेची बस चालवणाऱ्या बाई, खांद्याचा स्नायू शिवलेला. आणि सायकलवर सतरा वर्षांचा एक पोरगा, शाळेच्या संघात खेळताना गुडघ्यातला लिगामेंट तुटलेला.

पोरगा अर्थातच ड्युरँटवाला. बसवाल्या बाईही. पण त्यांचं कारण वेगळं होतं, त्यांची जुनी जखम होती.

"१९८४," त्या एवढंच म्हणाल्या.

पोर्टलंडमध्ये हा आकडा उच्चारला की माणसं बूट बघायला लागतात. १९८४ साली आमचा दुसरा नंबर होता. पहिल्यावर ह्यूस्टनने ओलाजुवानला नेलं. आमच्याकडे उड्या मारण्यात पटाईत क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, तेव्हा आणखी एक उड्या मारणारा कशाला, उंच माणूस घेऊ, म्हणून सॅम बोवी घेतला. नडगीच्या हाडापायी कॉलेजात दोन अख्खे हंगाम घरी बसलेला बोवी. तिसऱ्या नंबरवर शिकागोने मायकेल जॉर्डनला उचललं.

"तेव्हाही हेच म्हणत होते सगळे. मोठा माणूस घ्या, मोठा माणूस घ्या," बाई म्हणाल्या.

"बरोबरच म्हणत होते, फक्त माणूस चुकला," आजोबा म्हणाले. "१९७७ला काय झालं ते सांग ना! बिल वॉल्टन होता म्हणून चँपियन झालो. फिलाडेल्फियाने पहिल्या दोन मॅच घेतल्या आणि पुढच्या चार आम्ही. मी होतो तिथे, कोलिझियमच्या वरच्या रांगेत."

"आणि पुढच्या वर्षी वॉल्टनच्या पावलाचं काय झालं?"

आजोबा गप्प. पावलाचं काय झालं ते शहराला पाठ होतं. त्या पावलाने वॉल्टनची उरलेली कारकीर्द खाल्ली.

मी या वेळी आजोबांच्या पायाशी उभा होतो, सांध्याचा कोन मोजायचं गोनिओमीटर हातात, आणि मनात सर्जनची चिठ्ठी. तेवढ्यात आजोबांनी मोर्चा पोराकडे वळवला. "तुझ्या त्या ड्युरँटला १८५ पौंड एकदा तरी उचलता आले का? एकदा?" हे खरं होतं. ड्राफ्टच्या आधी सगळ्यांची चाचणी घेतात, त्यात बेंचप्रेसला ८४ किलोचा बार त्याच्याच्याने एकदाही वर गेला नव्हता, आणि महिनाभर टीव्हीवर त्याची टिंगल चालली होती. पोरगा रडकुंडीला आला. मला राहवलं नाही. म्हटलं, "सव्वासात फुटांच्या वर ज्याच्या हातांचा पल्ला आहे, त्याच्या छातीपासून बार वर जायला केवढा प्रवास करतो ते बघा. आखूड हाताच्या माणसाला ती चाचणी सोपी. त्यावरून बास्केटबॉलचं काही कळत नाही." एवढं मी मनापासून बोललो.

"म्हणजे तूही त्यांच्यातलाच?" आजोबा उसळले, आणि उसळताना पुढे सरकले. टाच अभ्र्यावरून सर्रकन मागे आली.

मी खाली पाहिलं. मांडी सैल होती! त्या मांडीवरचा स्नायू मी सहा आठवड्यांत पहिल्यांदा लोंबताना पाहत होतो.

आता खरं तर मी ओडेनवाला. माझी रेघ फळ्यावर 'ओ'खाली. पण त्या क्षणी मी पक्ष बदलला. "अर्थात ड्युरँट," मी म्हणालो. "सात फुटांचा, शंभरावर किलोचा पोरगा रात्रंदिवस उड्या मारणार. किती वर्षं टिकतील ते गुडघे?"

"गुडघे!" आजोबा ओरडले. "मनगटाचं बोल, गुडघ्याला काय झालंय त्याच्या?" टाच आणखी मागे. मी गोनिओमीटरचं मधलं चाक हलकेच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवलं, एक दांडी कमरेच्या हाडाच्या रोखाने, दुसरी घोट्याच्या उंचवट्यावर. ९९. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आकडा सांगितला असता तर पाय तिथेच आठवला असता.

"आणि सिॲटलला गेला तर? वर्षातून चार वेळा समोर येईल आणि तीस-तीस टाकून जाईल," मी म्हणालो.

"येऊ दे! आत घुसला तर ओडेन तो बॉल तिसऱ्या रांगेत भिरकावेल!" असं म्हणून आजोबांनी बसल्या जागी दोन्ही हात वर करून तो अदृश्य बॉल भिरकावला. टाच पार मांडीकडे. १०८.

रिसेप्शनवरच्या बाई काउंटरमागून माझ्याकडे बघत होत्या. भुवया वर. मी नजर चुकवली.

मग एनबीएचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड स्टर्न मंचावर आले आणि ओडेनचं नाव वाचलं. आजोबांनी मूठ आपटली, बसवाल्या बाईंनी "झालं" म्हणून उसासा टाकला. पोरगा न बोलता सायकल मारत राहिला. पाच-दहा मिनिटांत ड्युरँट सिॲटलची टोपी घालून उभा. त्याच दिवशी आमचा झॅक रँडॉल्फ न्यूयॉर्कला देऊन टाकल्याचंही कळलं, पण तोवर आजोबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते आपल्या गुडघ्याकडे बघत होते, दुसऱ्या कोणाचा तरी पाय असावा तसे.

"हे कधी झालं, डॉक?"

विमा कंपनीलाही तोच प्रश्न पडला. तिकडे दर थोड्या भेटींनंतर कागद पाठवायचे असतात, तर त्यांच्या माणसाचा फोन आला: एका भेटीत १६ अंश? कुठला नवा उपचार केला? मी म्हणालो, लक्ष दुसरीकडे वळवलं. त्यांनी त्याचा बिलात लिहायचा कोड विचारला. कोड नव्हता.

आजोबांना भूल द्यावी लागली नाही. ऑगस्टअखेर १२१ झाले आणि आमच्या भेटी थांबल्या.

सप्टेंबरच्या मध्यावर बातमी आली. ओडेनच्या उजव्या गुडघ्यात दुर्बीण घातली तेव्हा आतली कुर्चा खराब निघाली. मायक्रोफ्रॅक्चर करावं लागलं. हाडाला बारीक बारीक भोकं पाडायची, मज्जेतलं रक्त वर येऊन गोठू द्यायचं, त्यातून नवी कुर्चा धरते. मूळच्यासारखी नाही, जरा हलक्या प्रतीची. तो अख्खा हंगाम त्याने घरी काढला. पुढे पोर्टलंडसाठी तो खेळला सगळ्या मिळून ८२ मॅच, म्हणजे एका हंगामाच्या. ड्युरँट वर्षातला सर्वोत्तम नवखा ठरला, आणि २०१४ साली लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. 'हाडं दणकट आहेत' हे माझं म्हणणं तसं खोटं नव्हतंच. त्या सप्टेंबरात हाडांना कुठे काय झालं होतं?

क्लिनिकमध्ये मात्र माझा भाव वधारला. बसवाल्या बाईंनी येईल त्याला सांगितलं की याने टीव्हीवर बघून ओळखलं होतं. लोक मला आपल्या नातवंडांचे गुडघे दाखवायला लागले. मी दोनदा खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. पण ज्यांनी फळ्यावरची माझी रेघ पाहिली होती त्या रिसेप्शनवरच्या बाई गप्प बसून इतक्या आनंदात होत्या, की मीही गप्प बसलो.

त्याच आठवड्यात आजोबा आले. अपॉइंटमेंट नव्हती. जिना चढून आले, कठड्याला हात न लावता. काखेत त्यांच्या कुबड्या होत्या.

"तू म्हणाला होतास," ते म्हणाले. "गुडघे म्हणाला होतास."

"मी तुमचा पाय वाकवायला म्हणालो होतो. माझं मत ओडेनलाच होतं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "किती दिवस पाय टेकवायचा नाही त्याने?"

"सहा ते आठ आठवडे."

त्यांनी कुबड्या काउंटरवर ठेवल्या, बटणं दाबून नळ्या शेवटच्या भोकापर्यंत ओढल्या आणि एक उभी करून स्वतःच्या खांद्याशी लावून पाहिली.

"नाही," ते म्हणाले. "त्याच्या कमरेलाच येतील."