चॉनानचा कळस, तैपेईचा मनोरा

चॉनानला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सोलच्या दक्षिणेला असलेल्या या गावात कोरियाचं स्वातंत्र्य भवन आहे. १९८७ साली उघडलेलं हे संग्रहालय एवढं मोठं आहे की नीट बघायचं तर पूर्ण दिवस हवा. पण माझी कोरियन मैत्रीण मला दालनांकडे न नेता थेट आवाराच्या पश्चिम टोकाला घेऊन गेली. "आधी हे बघ. मग बाकीचं."

तिथे जमीन खणून खोलगट जागा केली आहे आणि तळाशी एका इमारतीचा कळस ठेवला आहे. भोवती त्याच इमारतीचे दगड, खांबांचे तुकडे. कळस म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते, इथे मात्र खाली वाकून बघावं लागतं. रचनाच तशी केली आहे. दिशाही मावळतीची निवडली आहे. ज्या सत्तेच्या झेंड्यावर सूर्य होता, तिच्यासाठी.

हा कळस जपानच्या गव्हर्नर-जनरलच्या कचेरीचा. १९१० मध्ये जपानने कोरिया ताब्यात घेतला आणि १९२६ मध्ये ही प्रचंड इमारत पुरी केली, तीही ग्योंगबोकगुंग या राजवाड्याच्या आवारात, सिंहासनाच्या दालनासमोर. राजवाड्याचा मुख्य दरवाजा ग्वांगह्वामुन आड येत होता, तो उचलून बाजूला नेऊन बसवला. रस्त्यावरून बघणाऱ्याला आपल्या राजाचं दालन दिसूच नये, अशी ती मांडणी होती.

जपानी गेले, इमारत राहिली. १९४८ मध्ये कोरियन प्रजासत्ताकाची घोषणा तिथेच झाली आणि १९८६ पासून तिथे राष्ट्रीय संग्रहालय होतं. माझ्या मैत्रिणीची शाळेची सहल तिथे गेली होती. "मला ती इमारत आवडायची," ती म्हणाली. "आत गार वाटायचं. संगमरवरी जिना होता. घरी येऊन मी त्या जिन्याचं चित्र काढलं. आजीने ते बघितलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली." आजीला शाळेत जपानी नाव घ्यावं लागलं होतं. त्या नावाने घरात तिला कुणी कधी हाक मारली नाही, पण ते ती विसरलीही नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुक्तीला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, क्रेनने हा कळस उतरवला. मैत्रीण आईचा हात धरून गर्दीत उभी होती. पुढच्या वर्षी इमारत पूर्ण पाडून झाली.

खरं सांगते, सोलला येण्याआधी माझं मत वेगळं होतं. इतिहास पाडून पुसता येत नाही, इमारत ठेवायला हवी होती, असं मी ठामपणे म्हणत असे. दुसऱ्या दिवशी ग्वांगह्वामुनमधून आत शिरले. हा दरवाजा २०१० मध्ये मूळ जागी पुन्हा उभा केला आहे. आतल्या चौकातून सरळ समोर सिंहासनाचं दालन आणि त्याच्या छपरामागे बुगाकसान डोंगर. दरवाजा, दालन, डोंगर अशी सगळी एक ओळ लागते. त्या इमारतीमुळे ही ओळ जवळजवळ सत्तर वर्षं तुटलेली होती. तिथे उभं राहिल्यावर माझं म्हणणं मला फार उथळ वाटलं. इतिहास पुसला वगैरे काही नाही, मधे आलेलं काहीतरी बाजूला केलं होतं.

आणि सगळंच पाडलेलं नाही. १९२६ चीच नगरपालिकेची जुनी इमारत आज सार्वजनिक वाचनालय आहे. मुलं तिथे पायऱ्यांवर बसून वाचत होती. १९०८ चा सोदेमुन तुरुंगही जपून ठेवला आहे. जपानविरुद्धच्या १९१९ च्या १ मार्चच्या स्वातंत्र्य आंदोलनातली यू ग्वान-सून ही कोवळी मुलगी १९२० मध्ये तिथेच वारली. त्या कोठड्यांबद्दल मला जास्त लिहवत नाही.

याच मैत्रिणीची लेक जपानी ॲनिमेशनची वेडी आहे. जपानी चित्रपट आणि गाण्यांवर कोरियात १९९८ पर्यंत बंदी होती आणि ती पुढे टप्प्याटप्प्याने उठली. मी विचारलं, घरात यावरून वाद होतो का? "ती बघते ते मला चालतं," मैत्रीण म्हणाली. "पण १ मार्चला मी तिला तुरुंग दाखवायला नेते." यात तिला काही विसंगत वाटत नव्हतं आणि मलाही वाटलं नाही.

मग तैपेई.

तैवान १८९५ पासून १९४५ पर्यंत जपानकडे, म्हणजे कोरियापेक्षा पंधरा वर्षं जास्त. तिथलीही गव्हर्नर-जनरलची कचेरी १९१९ मध्ये बांधून झाली, मधोमध साठ मीटरचा मनोरा. ती आज काय आहे? राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय. लाल-पांढऱ्या विटकामाच्या त्या इमारतीसमोर मी बराच वेळ उभी होते, डोळ्यांसमोर चॉनानचा खड्डा होता.

जवळच्या राष्ट्रीय संग्रहालयाची वास्तूही जपानी काळातलीच. ती कोदामा गेंतारो आणि गोतो शिम्पेई या दोन जपानी प्रशासकांच्या स्मरणार्थ बांधली होती. त्यांचे ब्राँझचे पुतळे आजही तिथे आहेत. तिथले स्वयंसेवक आजोबा बोलताना मधेच जपानी शब्द वापरत होते. त्यांचे वडील जपानी शाळेत शिकलेले. मी विचारलं, राग नाही येत? ते थोडं थांबून म्हणाले, "आमच्याकडे म्हणतात, कुत्री गेली आणि डुकरं आली. कुत्रं चावतं, पण राखण तरी करतं."

हे वाक्य कळायला शेजारच्या बागेत जावं लागतं. बागेचं नाव २२८ शांती स्मारक उद्यान. १९४५ नंतर चीनमधून आलेल्या राष्ट्रवादी सरकारविरुद्ध २८ फेब्रुवारी १९४७ ला उठाव झाला आणि तो चिरडताना हजारो माणसं मारली गेली. त्या दिवसांत काही ठिकाणी समोरच्याला जपानी बोलता येतं का, यावरून तो बेटावरचा की बाहेरून आलेला हे ठरवलं गेलं. ज्यांनी ती भाषा लादली ते निघून गेले होते आणि दोन वर्षांत तीच भाषा आपलेपणाची खूण झाली. पुढे १९४९ ते १९८७ लष्करी कायदा. त्या अडतीस वर्षांच्या पलीकडे बघताना जपानी काळ मवाळ दिसू लागला. कोरियात जपान्यांनंतरही हुकूमशहा आले, पण ते कोरियनच होते. मला वाटतं, खरा फरक इथे पडला. आधीच्या मालकाची आठवण कशी राहील, हे नंतर कोण आलं यावरही ठरतं.

पण तैवानला जपान आवडतो, असं सरसकट लिहिणाऱ्यांशी मी सहमत नाही. कुणाच्या तैवानला? १९३० मध्ये डोंगरातल्या वुशे गावी सीदिक आदिवासींनी मोना रुदाओच्या नेतृत्वाखाली उठाव केला. बदल्यात जपान्यांनी विमानं आणि तोफा वापरून गावंच्या गावं उद्ध्वस्त केली. जपानी सैन्याच्या लैंगिक गुलामीसाठी नेलेल्या तैवानी मुलीही होत्या. त्यांच्या तोंडी "कुत्रं राखण करतं" हे वाक्य कसं येईल?

शेवटचा दिवस तैनानजवळच्या वुशांतोऊ धरणावर घालवला. १९२० ते १९३० या काळात हे धरण आणि कालव्यांचं जाळं हात्ता योइची या जपानी अभियंत्याने उभारलं. त्यातून पिकलेला तांदूळ आणि साखर जपानला जायची, म्हणून मी याला उपकार म्हणणार नाही. पण पाणी शेतात आलं हेही खरं. युद्धात धातू गोळा करताना हात्ताचा पुतळा हलवला गेला. नंतर तो सापडल्यावर इथल्या लोकांनी तो सांभाळून ठेवला आणि १९८१ मध्ये पुन्हा बसवला.

पुतळा उभा नाही, जमिनीवर बसल्यासारखा आहे. कामाचे कपडे, एक पाय पसरलेला, एक हात केसांत, नजर पाण्याकडे. एप्रिल २०१७ मध्ये कुणीतरी त्याचं मुंडकं कापलं होतं. ८ मे या हात्ताच्या पुण्यतिथीच्या आत ते परत बसवलं गेलं. मी जवळ जाऊन मानेपाशी सांधा दिसतो का ते बघत होते. एक शेतकरी सायकलवरून उतरला, माझ्याकडे बघून हसला आणि स्वतःच्या मानेवर बोट फिरवून दाखवलं. मग पुतळ्यापुढची वाळलेली फुलं उचलून त्याने पिशवीत भरली आणि कालव्याच्या कडेने निघून गेला.