आधी दोन तास, मग नोकरी

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारातून सावरणाऱ्या मुलाबद्दल घरचे पहिलं विचारतात, "नोकरी कधी?" सुरुवात दोन तासांच्या कामाने करा. इंदूरच्या रामबागेत कुणी नमकीनवाले ओळखीचे असतील, तर आठवड्यातून तीन दिवस पाकिटं भरायचं काम मागा. वेळ दुपारची घ्या. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी उतरलेली नसते आणि लोक तिलाच आळस म्हणतात, हे फार जिव्हारी लागतं.

कामाचे तुकडे पाडा: पिशवी काट्यावर ठेवणं, 200 ग्रॅम शेव घालणं, आकडा पाहणं, सील करणं. एका वेळी एकच सूचना, तीही करून दाखवून. पहिला आठवडा नुसतं वजन. 205 भरलं तर रागावू नका, जास्तीची शेव काढायला सांगा.

घोटाळा बहुतेकदा चांगल्या आठवड्यानंतर होतो. घरचे हुरळून तास दुप्पट करतात, झोप मोडते, 'आता बरा झालाय' म्हणून गोळ्या सुटतात. सलग दोन रात्री झोप उडाली की लगेच डॉक्टरांना फोन करा. काम सोडायला लावू नका, तास घटवा.

दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा.