काकाचा काळा चष्मा, गोलबाग आणि ब्रायंट पार्कच्या खुर्च्या

काकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून त्याला बघायला शनिवारी सकाळी स्वारगेटवरून साताऱ्याची विनाथांबा पकडली. बेत साधा होता, काकाला भेटायचं, काकूच्या हातची मटकीची उसळ नि भाकरी खायची, येताना कंदी पेढे घ्यायचे आणि रविवारी रात्री घरी. खंबाटकी घाटात नेहमीसारखं दोन ट्रक एकमेकांना ओव्हरटेक करत बसले होते त्यामुळं पोहोचायला उशीर झाला, स्टँडवरून रिक्षा केली, रिक्षावाल्यानं विचारलं वरच्या रस्त्यानं नेऊ का खालच्या, तेव्हा कुठं साताऱ्यात आल्यासारखं वाटलं. राजपथ आणि कर्मवीर पथ ही नावं पत्त्यावर लिहायची, बोलताना वरचा रस्ता नि खालचा रस्ता.

घरी पोहोचते तर काका गॉगल लावून दारात. डॉक्टरांनी सांगितलंय धुळीत जायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, वाकायचं नाही. आणि हा माणूस काकूला पटवत होता की संध्याकाळी गोलबागेपर्यंत जाऊन येणं म्हणजे धुळीत जाणं नव्हे. "तायडे आलीय ना, ती हात धरंल की माझा." म्हणजे मी आल्या आल्या साक्षीदार.

गोलबाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, साताऱ्याचा राजवाडा आहे ना, जुना वाडा नि नवा वाडा, त्याच्या समोर ही बाग. नावाप्रमाणं गोल आणि तशी लहानच. पण जागा अशी मोक्याची आहे की अर्धा सातारा रोज तिच्या कडेनं जातो, जवळच राजवाड्याचा बसस्टॉप, नगरवाचनालय, खाली उतरलं की बाजार, आणि मान वर केली की अजिंक्यतारा. जुना वाडा थोरल्या प्रतापसिंह महाराजांनी 1824 साली बांधला. पुढं 1839 मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं आणि तिथंच 1847 मध्ये ते गेले. लहानपणी बाबा मला इथं आणायचे तेव्हा हे काही माहीत नव्हतं, मला फक्त कुल्फीवाला माहीत होता.

तर आम्ही गेलो. काका बसला आणि मी काय बोलले कुणास ठाऊक, विषय निघाला न्यूयॉर्कचा. गेल्या जूनमध्ये ऑफिसच्या ट्रेनिंगला मी दहा दिवस तिकडं होते. सगळ्यांनी स्वातंत्र्यदेवीचे फोटो मागितले होते पण मी दुपारची सुट्टी झाली की जायचे एका बागेत, ब्रायंट पार्क म्हणून आहे, मॅनहॅटनच्या अगदी मध्यात, चारी बाजूंनी उंच बिल्डिंगा आणि पाठीशी ती प्रचंड सरकारी थाटाची लायब्ररी. काकाला लायब्ररी म्हटल्यावर इंटरेस्ट आला. "म्हणजे आपल्यासारखंच की, बाग नि वाचनालय." हो, आणि गंमत म्हणजे लायब्ररीच्या जागी पूर्वी शहराला पाणी पुरवणारा मोठा हौद होता, बागेचं नावच तेव्हा रिझर्वायर स्क्वेअर होतं, 1884 मध्ये ब्रायंट नावाच्या कवी-संपादकाचं नाव दिलं.

मला त्या बागेत पहिल्या दिवशी काय आवडलं तर खुर्च्या. हिरव्या, लोखंडी, घडीच्या, हलक्या. शेकड्यांनी पडलेल्या असतात, साखळी नाही, जमिनीत सिमेंटनं गाडलेल्या नाहीत, कुणी पावती फाडायला येत नाही. उचलायची, सावलीत न्यायची, मैत्रिणीकडं तोंड करून बसायचं, भांडण झालं तर तोंड फिरवून बसायचं. मी आपल्या सवयीनं आधी आजूबाजूला बघितलं की कुणी ओरडतंय का.

आणि दुसरं म्हणजे संडास. हसू नका. सार्वजनिक बागेतला संडास, दाराशी रांग, आत ताज्या फुलांची फुलदाणी, हळू आवाजात संगीत, आणि एक माणूस सतत पुसतोय. मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला तर काकूचा लगेच मेसेज, "कुठलं हॉटेल गं?"

काका हे सगळं ऐकून शांतपणे म्हणाला, "तिकडं पैसा आहे." हे वाक्य मला अपेक्षितच होतं. काका एका छोट्या नगरपालिकेत ओव्हरसियर होता, कुठल्या ते सांगत नाही, तीस वर्षं बागा, गटारं, दिवाबत्ती बघितलीय त्यानं. पण पैशाचं उत्तर पूर्ण खरं नाही, कारण हीच बाग त्याच श्रीमंत शहरात 1970 च्या दशकात इतकी बाद झाली होती की दिवसाढवळ्या आत गांजा-ड्रग्ज विकले जायचे आणि ऑफिसातल्या बायका बाहेरून वळसा घालून जायच्या. तिथं मी एका फलकावर वाचलं, मग रात्री हॉटेलवर बसून अजून वाचलं, आणि झोप उडाली म्हणा ना, कारण बाग बिघडली ती दुर्लक्षानं तर होतीच पण चांगल्या हेतूनं केलेल्या डिझाइननंसुद्धा. 1934 मध्ये तिचं नवं रूप केलं तेव्हा तिला रस्त्यापेक्षा उंच केली, भोवती लोखंडी कुंपण, दाट झुडपांची भिंत, आत यायला मोजकेच रस्ते. हेतू काय तर शहराच्या गोंगाटापासून शांतता. झालं असं की आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसेना. जे दिसत नाही तिथं कोण बसणार ते सांगायला नको.

विल्यम व्हाईट नावाचा एक माणूस होता, तो न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरा लावून तासन्‌तास बघायचा की लोक कुठं बसतात, कुठं उभे राहतात, किती जण एकटे, बायका किती. बायका कमी दिसल्या तर त्या जागेत काहीतरी बिघडलंय असं त्याचं म्हणणं. हे वाचल्यावर मी प्रत्येक बागेत बायका मोजायला लागलेय, वाईट सवय. त्यानं या बागेसाठी सांगितलं ते साधं होतं: झुडपं काढा, कुंपण मोकळं करा, आत यायचे रस्ते वाढवा, खायला-प्यायला काहीतरी ठेवा, खुर्च्या ठेवा. पहारेकरी वाढवा हे पहिलं वाक्य नव्हतं.

इथं काका गॉगल काढून माझ्याकडं बघायला लागला, मी त्याला परत घालायला लावला. म्हणाला, "आमच्याकडं उलटं. तक्रार आली की पहिलं काम कंपाउंड. कारण कंपाउंडचं एस्टिमेट सोपं असतं, रनिंग मीटर गुणिले दर. खुर्ची इकडं ठेवा नि तिकडं ठेवा, याचं एस्टिमेट कसं करायचं सांग मला." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, तो हिशेब सांगत होता. मी राहते त्या भागातल्या बागेचं अगदी हेच झालं. पोरं रात्री बसतात म्हणून भिंत उंच केली, मग आतलं दिसेना म्हणून संध्याकाळी बायका यायच्या बंद झाल्या, मग वर काचा लावल्या, मग दुपारी दहा ते चार कुलूप, आणि संडासाची किल्ली वॉचमनच्या खिशात, वॉचमन जेवायला गेलेला. पोरं अजून बसतात. त्यांना भिंतीवरून उडी मारता येते, आमच्या सोसायटीतल्या सत्तरीच्या आजींना नाही येत.

पण काकाचा मुद्दा पैशाचा होता आणि तो सोडायला तयार नव्हता. तर तिथली व्यवस्था अशी: 1980 मध्ये एक वेगळी संस्था काढली, ना नफा तत्त्वावरची, डॅन बीडरमन हा त्यातला मुख्य माणूस. बाग शहराच्याच मालकीची राहिली, चालवायची या संस्थेनं. 1988 मध्ये बाग बंद केली, हिरवळीखाली लायब्ररीनं पुस्तकांचं तळघर बांधलं, म्हणजे आपण हिरवळीवर डबा खात असतो तेव्हा खाली दोन मजले पुस्तकं असतात, आणि 1992 मध्ये बाग पुन्हा उघडली. रोजचा खर्च कुठून? तर भोवतालच्या बिल्डिंगांचे मालक थोडा जादा आकार भरतात, तो शहर गोळा करतं आणि त्या संस्थेला देतं, आणि तो खर्च तिथंच होतो. शिवाय आतल्या रेस्टॉरंटचं भाडं, स्टॉल, कार्यक्रम, स्पॉन्सर.

"म्हणजे घरपट्टीतल्या वृक्षकरासारखं," काका म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "न्हाई, तो अख्ख्या गावाच्या पोत्यात पडतो. आपल्या गल्लीत त्याचं झाड आलं का ते कळत न्हाई."

मी म्हणलं, काका, वर्गणी. तो म्हणाला कसली वर्गणी. गणपतीची! मंडळाची पोरं पेठेतल्या प्रत्येक दुकानात जातात, दुकानदार कुरकुरत का होईना देतो, का देतो, तर मांडव त्याच्याच दारात असतो, गिऱ्हाईक त्याच्याच दारात येतं, आणि शेवटी जमाखर्चाचा कागद फळ्यावर लागतो, कुणी किती दिले ते सगळ्या पेठेला माहीत. तिकडच्या बिल्डिंगवाल्यांनी वेगळं काय केलं? फक्त ती दहा दिवसांची नाही, बारा महिन्यांची वर्गणी, आणि ऐच्छिक नाही. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मांडव उतरवल्यावर खड्डे कोण बुजवतं?" आता याला काय उत्तर देणार.

कंपनीवाल्यांचंही बोलणं निघालं. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लागतात, त्यातून कितीतरी ठिकाणी बागा होतात. काकाचा अनुभव असा की कारंजं मिळतं, कारंज्याचा मेकॅनिक मिळत नाही. कोनशिला मिळते. उद्घाटनाच्या दिवशी फीत, नारळ, पेढे, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात कारंज्याच्या हौदात गुटख्याच्या पुड्या. "बांधायला पैसा देणारे पुष्कळ, झाडू मारायला देणारा एक दाखव," हे त्याचं वाक्य मी बसमध्ये मोबाइलवर टाइप करून ठेवलं.

ब्रायंट पार्कचं सगळंच गोड आहे असं मला म्हणायचं नाही. 1993 पासून 2010 पर्यंत तिथं वर्षातून दोनदा फॅशन वीकचे तंबू लागायचे आणि बाग कुणाची असा प्रश्न लोकांनी विचारला, बरोबरच विचारला. हिवाळ्यात हिरवळीवर बर्फाचं मैदान असतं, प्रवेश फुकट पण स्केट भाड्यानं घ्यायचे तर खिसा रिकामा, आणि नाव स्पॉन्सर बँकेचं. खुर्ची फुकट असली तरी शेजारची कॉफी परवडत नसेल तर माणूस थोडा आक्रसून बसतो, मी बसले होते. फक्त एक कोपरा आहे जिथं तसं वाटलं नाही, उघड्यावरचं वाचनालय. 1935 मध्ये मंदीत नोकरी गेलेल्या लोकांसाठी ते सुरू झालं, कार्ड नको, ओळखपत्र नको, पुस्तक घ्या नि बसा. मध्ये बंद पडलं होतं, 2003 मध्ये परत चालू केलं. तिथं मी एका फाटक्या बुटाच्या आजोबांशेजारी पाऊण तास बसले, त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

रविवारी सकाळी काकू म्हणाली कासला जाऊन या, पण फुलांचा सिझन नव्हता आणि काकाला वारा लागला असता. तरी कासचा विषय निघालाच, कारण आपल्या घरचं उदाहरण तेच. पठार 2012 मध्ये जागतिक वारसा झालं, गर्दी वाढली, मग तारेची जाळी लावली. वनखात्याबरोबर आसपासच्या गावांची समिती, तिकीट, गावातलीच पोरं-पोरी गाईड नि पार्किंगला. पण जाळीमुळं गुरांची चराई थांबली आणि फुलं कमी व्हायला लागली अशी ओरड सुरू झाली, शेवटी जाळी काढली. काका म्हणाला, "बघ, गुरं होती म्हणून फुलं होती." मला न्यूयॉर्कची झुडपं आठवली पण बोलले नाही, सारखं तेच म्हणून काकू वैतागली होती.

संध्याकाळी बसच्या आधी शेवटची चक्कर. गोलबागेशी मी सवयीनं मोजलं, पंधरा मिनिटांत एकवीस बायका, त्यात दोन कॉलेजच्या मुली एकाच मोबाइलवर काहीतरी बघून खिदळत होत्या आणि एक आजी चप्पल काढून पाय चोळत बसलेल्या. पास. मग काकाला भेळ खायची हुक्की आली, डॉक्टरांनी भेळेचं काही सांगितलं नव्हतं म्हणे. राजवाड्याजवळच्या चौपाटीवर गेलो. गाडीपुढं लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या पडलेल्या, एकात एक अडकवलेल्या, पोरानं खटकन दोन सोडवून आमच्यापुढं टाकल्या.

त्या व्हाईटनं अजून एक टिपून ठेवलंय जे मी काकाला सांगितलंच नव्हतं: माणूस बसायच्या आधी खुर्ची उगाच जरा सरकवतो. ऊन नसतं, अडचण नसते, तरी दोन बोटं इकडं किंवा तिकडं, मग बसतो.

काकानं गॉगल नीट केला, खुर्चीच्या पाठीला धरून ती वीतभर डावीकडं ओढली, परत बोटभर उजवीकडं, आणि बसला. मी हसले तर म्हणाला, "काय झालं?" काही नाही म्हणलं. भेळवाला पोरगा तिसरी खुर्ची आणून आमच्या मध्ये ठेवत होता, टेबल म्हणून, त्यावर त्यानं दोन प्लेटा आणि पाण्याचा ग्लास ठेवला, काकानं ती पण सरकवली.