तुम्ही विचारलंत म्हणून : अर्मेनियन पुढे आणि घानावाले मागे, असं का?

मंडळाच्या दिवाळीत चकलीची प्लेट हातात आली की पाच-दहा मिनिटांत कुणीतरी विचारतंच. लोकांना माहीत आहे की मी आधी बारा वर्षं कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलला लोकांचे टॅक्स भरून द्यायचे आणि गेली नऊ वर्षं न्यू यॉर्कला, ब्राँक्समध्ये तेच करते. तिकडे गिऱ्हाईक जवळजवळ सगळं अर्मेनियन, इकडे निम्म्याहून जास्त घानाचं. "ताई, दोघंही बाहेरून आलेलेच ना? मग अर्मेनियन लोकांची दुकानं, बंगले, दारात मर्सिडीज. आणि घानावाले अजून म्हाताऱ्यांची शुश्रूषा, नाहीतर टॅक्सी. असं का हो?"

विचारणाऱ्याने उत्तर आधीच शिजवून ठेवलेलं असतं. त्यांच्या रक्तातच धंदा आहे, ह्यांच्यात नाही, वगैरे. मी नुसती मान डोलवायची बाकी असते. मागे गाणी चालू असतात, पोरं पळत असतात, मग मीही वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

आधी ती मर्सिडीज. ग्लेनडेलमधल्या बऱ्याच मर्सिडीज लीजवर असतात. मी त्यांचे कागद पाहिलेत, एवढंच बोलते.

ग्लेनडेलची वस्ती दोन लाखांच्या आसपास, आणि तिच्यातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक अर्मेनियन वंशाचे. लांबून बघणाऱ्याला तो एकच गठ्ठा वाटतो. माझ्या टेबलासमोर मात्र एकाच दुपारी तीन वेगळे देश येऊन बसायचे. एक बैरुतचा सोनार. १९७५ला लेबनॉनमध्ये यादवी पेटल्यावर त्याचं घराणं निघालं. दुकान मागे राहिलं, पण हातातलं कसब कुणी काढून घेऊ शकलं नाही, आणि लॉस एंजेलिसच्या हिल स्ट्रीटवरच्या दागिन्यांच्या बाजारात त्याच्याआधी आलेले ओळखीचे हात होतेच. दुसरा तेहरानचा, १९७९च्या क्रांतीच्या आगेमागे आलेला. त्याच्याकडे थोडं भांडवल होतं, थोडं इंग्रजी. तिसरा अर्मेनियातल्या येरेवानचा. सोव्हिएत काळातला इंजिनिअर, ज्याची पदवी इथे कुणी हातातसुद्धा घेतली नाही. तो विमानतळावर लिमोझिन चालवायचा. तुम्हाला दिसतात ते बंगले बहुधा पहिल्या दोघांचे. तिसरा ईस्ट हॉलीवूडमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा आणि रिफंड कधी येईल हे विचारायला आठवड्यातून दोनदा फोन करायचा. तिघंही माझ्या नावापुढे "जान" लावायचे. तो त्यांचा प्रेमाचा प्रत्यय आहे, पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चांगलीच गडबडले होते.

त्या येरेवानवाल्याकडे एक गोष्ट होती जी ब्राँक्समधल्या माझ्या कुठल्याच गिऱ्हाइकाकडे नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत अर्मेनियातून आलेले पुष्कळ लोक निर्वासित म्हणून आले. निर्वासित म्हटलं की आपल्याला बिचारे वाटतात, पण अमेरिकेच्या कायद्यात त्या शब्दाला वजन आहे. आल्या आल्या काम करायची मुभा, सुरुवातीचे काही महिने रोख मदत, दवाखान्याचं कार्ड, आणि पासष्टीच्या पुढच्या गरीब म्हाताऱ्यांना एसएसआय, म्हणजे सरकारी निर्वाहभत्ता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आख्खं घर एका विमानातून उतरलं. आजी-आजोबा, मुलगा, सून, नातवंडं. आजी पोरं सांभाळते म्हणून सून कामावर जाते. आजीच्या भत्त्याचा भाड्याला हातभार लागतो. १९९६च्या कायद्याने नागरिक नसलेल्यांचा हा भत्ता आवळला, तेव्हा सत्तरीच्या बायका नागरिकत्वाच्या वर्गात बसून राष्ट्राध्यक्षांची नावं पाठ करत होत्या. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. पाठांतर अजून पक्कं होतं.

आता त्याच्याही मागे जाऊ. ही गोष्ट आपल्याशीही जोडलेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अर्मेनियन लोक कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या बाजूला द्राक्षं आणि बेदाण्यांची शेती करायला लागले. ऑटोमन तुर्कांनी केलेल्या १९१५च्या संहारातून वाचलेले पुढे त्यात मिसळले. फ्रेझ्नोत त्यांना कुणी हार घालून घेतलं नव्हतं. काही वस्त्यांमधल्या घरांच्या खरेदीखतात लिहिलेलं असायचं की हे घर अर्मेनियन माणसाला विकू नये. १९१३च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परदेशी माणसाला शेतजमीन घेता येईना. नागरिक कोण होऊ शकतो? 'गोरा' माणूस. (१८७० पासून आफ्रिकी वंशाचा माणूसही, तेवढं लक्षात ठेवा.) म्हणजे जमिनीचा सगळा प्रश्न येऊन ठेपला तो, अर्मेनियन माणूस गोरा का, यावर. ओरेगनच्या पोर्टलंडमधल्या टाटोस कार्टोझियन नावाच्या गालिच्यांच्या व्यापाऱ्याचा खटला उभा राहिला. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली, आणि १९२५ला कोर्टाने निकाल दिला : गोरा.

दोनच वर्षं आधी, १९२३ला, अमेरिकेत राहणाऱ्या भगतसिंग थिंड या शीख माणसाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणसाबद्दल उलटं ठरवलं होतं. त्यानंतर कित्येक भारतीय लोकांचं मिळालेलं नागरिकत्व सरकारने काढून घेतलं. थिंड यांच्या वकिलांमध्ये लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित होते. नाव वाचून शेजारच्या वाड्यातले वाटतात, हो ना? सरकार त्यांच्याही मागे लागलं, पण ते स्वतःचा खटला लढले आणि जिंकले. तर सांगायचा मुद्दा असा की अर्मेनियन शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन एका कोर्टाने पक्की केली, आणि त्याच सुमाराला पंजाबी शेतकऱ्याच्या पायाखालची दुसऱ्या कोर्टाने काढून घेतली. दोघंही तेवढेच राबत होते. आणि आफ्रिकी वंशाच्या माणसाला नागरिकत्व कागदावर खुलं असून काय मिळालं? चांगल्या वस्तीतलं घर नाही, बँकेचं कर्ज नाही. रक्तातल्या धंद्याची गोष्ट कुणी काढली की मला हे तीन शेजारी आठवतात.

घानावाले आले ते या सगळ्यानंतर, मुख्यतः ऐंशीच्या दशकापासून. १९८३ त्यांच्याकडे फार वाईट वर्ष होतं. दुष्काळ, वणवे, ओस पडलेली दुकानं, आणि त्यातच नायजेरियाने दहा लाखांहून जास्त घानावासीयांना हाकलून दिलं. लोकांनी हाती लागेल ते प्लास्टिकच्या चौकड्यांच्या मोठ्या पिशव्यांत कोंबलं. त्या पिशवीला पश्चिम आफ्रिकेत आजही 'घाना मस्ट गो' म्हणतात. लाल-निळ्या चौकड्यांची तीच पिशवी हो, जी आपण गावाला जाताना एसटीच्या टपावर टाकायचो.

अमेरिकेत येताना घानाच्या माणसाला निर्वासिताचं दार सहसा नसतं. त्याच्यासाठी व्हिसाची लॉटरी. १९९०च्या कायद्यातून आलेली, १९९५ला सुरू झालेली, वर्षाला जास्तीत जास्त ५५,००० व्हिसा. भारताला त्यात जागा नाही, म्हणून आपल्याकडे ती फारशी कुणाला माहीत नाही. नंबर लागला तर नवरा-बायको आणि लहान मुलांना येता येतं, पण आईबाप आणि भावंडांना नाही. फी आणि तिकिटाचे पैसे जमवता जमवता बरेचदा एकटंच कुणीतरी येतं, बाकीचे नंतर बघू म्हणून. आईवडिलांसाठी अर्ज करायचा तर आधी नागरिक व्हावं लागतं, म्हणजे पाच वर्षं आणि वर लागेल तेवढा वेळ.

एक घर आख्खं आलं, दुसऱ्याचा एकेक माणूस आला. माझ्या मते निम्मा फरक इथे आहे, आणि तो मला एका फॉर्मवर दिसतो.

माझ्यासमोर बसलेली घानाची बाई साधारण अशी असते. तिच्याकडे तीन एजन्सींचे तीन डब्ल्यू-टू, म्हणजे पगाराचे दाखले असतात, कारण एका एजन्सीचे तास पुरत नाहीत. घरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा हे काम. न्यू यॉर्कात एखाद्याच्या घरी चोवीस तासांची पाळी केली तरी पगार तेरा तासांचा मिळतो. बाकीचे अकरा तास झोपेचे आणि जेवणाचे धरलेत. झोपायला खरंच मिळतं का, हे तिला विचारू नका. त्यातून उरलेल्या वेळात ती नर्सिंगच्या पायऱ्या चढत असते. आधी सहायक, मग एलपीएन म्हणजे कनिष्ठ परवान्याची नर्स, मग आरएन म्हणजे पूर्ण परवान्याची नर्स. दर तीन-चार वर्षांनी तिच्या फॉर्मवरचा आकडा एकदम उडी मारतो आणि मी खुर्चीतून उठून तिचा हात हातात घेते. म्हणजे मागे राहिलेत म्हणता, ते नेमकं कोण?

मी विचारते, "कुणी अवलंबून आहे का?" ती बोटं मोजायला लागते. आई, धाकटा भाऊ, त्याची फी, मावशीची औषधं, मेलेल्या बहिणीची दोन मुलं. दरमहा पैसे जातात. मी ऐकते आणि खोक्यात शून्य भरते. कारण नियम असा की अवलंबित माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा इथला रहिवासी हवा, फार तर कॅनडा-मेक्सिकोत राहणारा. घानातल्या कुमासी शहरातली आई चालत नाही. आपली साताऱ्यातली आईही चालत नाही, ते तुम्हाला माहीत असेलच. ग्लेनडेलची आजी अमेरिकेतच असते, म्हणून नियमात बसली तर तिच्यामागे मुलाला २०१८ पासून ५०० डॉलर सुटतात. दोन्हीकडे आईला पोसणं चालू आहे. एका आईला फॉर्मवर जागा आहे, एवढाच फरक.

पैसे साठवायच्या बाबतीत मला ब्राँक्समध्ये काही नवीन शिकावं लागलं नाही. त्यांची 'सुसू' म्हणजे आपली भिशी. दहा जणी दरमहा पाचशे काढतात, पाळीपाळीने पाच हजार एकीला. घानाच्या बाजारात दुसऱ्या प्रकारची सुसू चालते. गोळा करणारा माणूस रोज दुकानोदुकानी फिरतो, रोज तेवढेच पैसे घेतो आणि महिनाअखेरीला एका दिवसाची रक्कम स्वतःची मजुरी म्हणून ठेवून बाकी परत देतो. पिग्मी एजंट! मी हे सांगितलं तेव्हा समोरची बाई हसून हसून रडली. पण भिशीत पंधरा वर्षं एक हप्ता न चुकवणाऱ्या बाईची बँकेच्या लेखी पत शून्य असते. गृहकर्ज मागायला गेलं की ते कळतं.

आणि मयतीचा खर्च. एका गिऱ्हाइकाचे वडील तिकडे वारले, तेव्हा शनिवारी रात्री ब्राँक्समधल्या एका हॉलवर मला बोलावलं होतं. पार्थिव कुमासीत, मयतीचा कार्यक्रम इथे. सगळे लाल-काळ्या कपड्यांत, डीजे, जेवणं, आणि दाराशी टेबलावर वही घेऊन बसलेले दोन जण. मी पन्नास डॉलर दिले तर रीतसर पावती मिळाली. थोड्या वेळाने माइकवरून माझं नाव आणि रक्कम पुकारली गेली. नावाचं पार वाटोळं झालं होतं, रक्कम बरोबर होती. आपल्या लग्नातली आहेराची वही मला तिथे चटकन दिसली. आपण फार तर पावती देत नाही. ते पैसे विमाच म्हणा. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या. त्यात पैसा अडकतो, साचत नाही, हे खरंच. तरणीताठी पोरं यावरून घरात भांडतात, तेही मी ऐकते.

अर्मेनियन लोक मागे पैसे पाठवत नाहीत, असंही समजू नका. दर थँक्सगिव्हिंगला लॉस एंजेलिसहून त्यांचा टेलिथॉन, म्हणजे टीव्हीवरून देणग्या गोळा करायचा कार्यक्रम व्हायचा, आणि सोनारापासून लिमोझिनवाल्यापर्यंत सगळे फोन करून रक्कम सांगायचे. त्यातून अर्मेनियातल्या गोरिसपासून नागोर्नो-काराबाख या अर्मेनियन वस्तीच्या प्रदेशातल्या स्तेपानाकर्तपर्यंत रस्ता झाला, शाळा झाल्या, नळ आले. सप्टेंबर २०२३ला नागोर्नो-काराबाख अझरबैजानच्या ताब्यात गेलं आणि लाखाहून जास्त अर्मेनियन माणसं आठवड्याभरात गोरिसकडे बाहेर पडली. मी ग्लेनडेलच्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग माझ्या मुलाची चौकशी केली. त्याचे आजोबा ज्या गावचे, ते आज तुर्कस्तानात आहे. गावाकडे घर बांधायचा प्रश्नच नाही, म्हणून त्याने जे काही उभारलं ते ग्लेनडेलमध्ये. तुम्हाला दिसतं ते त्याचं सगळं आहे.

घानावाल्याचं निम्मं तुम्हाला दिसतच नाही. गेल्या मार्चमध्ये तीन डब्ल्यू-टूवाल्या एका बाईने फोन पुढे केला. कुमासीच्या बाहेरचं घर. खालचा मजला रंगवलेला, वरचा बिनप्लास्टरचा, आणि स्लॅबमधून सळया वर आलेल्या, पुढच्या मजल्यासाठी. कुंपणाच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं : हे घर विकायचं नाही. मालक परदेशात असला की कुणीतरी भलताच माणूस जागा परस्पर विकून मोकळा होतो, म्हणून तिकडे असं लिहून ठेवतात. अकरा वर्षं लागली, ती म्हणाली. ज्या वर्षी जमेल त्या वर्षी सिमेंट.

"मॅडम, हे फॉर्मवर कुठे येतं?"

"भाड्याने दिलंय?"

"नाही, आई राहते."

"मग कुठेच नाही."

तिने फोटो बोटांनी मोठा करून एकदा पाहिला, फोन पर्समध्ये टाकला आणि विचारलं, कामावर घालायचे बूट दोन जोड घेतले, ते तरी वजा होतील का. नोकरदारांसाठी २०१८ पासून तेही बंद आहे.