तिखट नाही ना झालं?

दुपारी जेवण झालं, ओटा आवरला, जरा आडवा झालो आणि सवयीनं उजवा डोळा चोळला. एवढंच. याहून जास्त काही केल्याचं मला आठवत नाही.

त्याआधी तासाभरापूर्वी हिरव्या मिरच्या चिरल्या होत्या, हे खरं. पण नंतर हात धुतले होते, तेही दोनदा, साबण लावून. जेवल्यावर पुन्हा धुतले. म्हणजे कागदोपत्री हात स्वच्छ होता. मिरची कागदपत्रं बघत नाही. पहिले दोन सेकंद काहीच झालं नाही आणि मग डोळ्याच्या आत कोणीतरी काडी ओढली.

एका डोळ्यानं धारा गाळत आणि दुसऱ्यानं त्याच्या दुःखात सहभागी होत मी बेसिन गाठलं. वाटेत स्टुलाला अडखळलो. पाण्याचे हबके मारले, आणि त्या घाईत त्याच हातानं डावा डोळाही पुसला. आता दोन्ही डोळे गेले. स्वतःच्या घरात पंधरा वर्षं राहिलेला माणूस टॉवेल शोधायला भिंतीवरून हात फिरवत निघतो, आणि टॉवेल म्हणून त्याच्या हाती जे लागतं ते वाळत घातलेलं पायपुसणं असतं. बायको घरी नव्हती, हे फार बरं झालं.

डोळ्यातली मिरची उतरायला तिचा तिचा वेळ घेते. नळाखाली डोळा धरायचा, चोळायचा मोह आवरायचा आणि थांबायचं. हातांचंही नंतर लक्षात आलं, म्हणजे दर वेळी नंतरच लक्षात येतं, की मिरचीची आग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी हाताला तेल चोळायचं, मग साबण. हे मला किमान दहा वर्षांपासून माहीत आहे. पण माहीत असलेल्या गोष्टींचा आणि माझ्या हातांचा परिचय नाही.

तर डोळे मिटून उभा होतो, आणि डोळे मिटलेल्या माणसाला आठवणींशिवाय काय दिसणार?

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. सुट्टीत सगळी भावंडं आजोळी जमलेली. मागच्या दारी कुंडीत मिरचीचं रोप होतं, आणि त्याला उभ्या, टोकदार, अंगठ्याच्या पेराएवढ्या मिरच्या लागल्या होत्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा मामेभाऊ म्हणाला, "एक अख्खी चावून खाल्लीस, वर पाणी प्यायला नाहीस, तर दिवसभर सायकल तुझी." सायकलसाठी मी त्या वयात काहीही खाल्लं असतं. खाल्ली. चावली. गिळली. आणि सगळ्यांकडे बघून म्हणालो, "हॅ, काहीच नाही लागली."

माझ्या आयुष्यातलं तिखटाबद्दलचं हे पहिलं खोटं. शेवटचं नव्हे.

मग जीभ पेटली. मग कानशिलं. नाक आपणहून वाहायला लागलं आणि उचकी सुरू झाली, ती अशी की प्रत्येक उचकीला आगीची नवी लाट घशातून वर यायची. घरातली मोठी माणसं धावली आणि प्रत्येकानं आपापला उपाय आणला. मामानं तांब्याभर पाणी पाजलं. त्यानं आग विझायच्या ऐवजी तोंडभर नीट सारवल्यासारखी पसरली. एक काका म्हणाले, काट्यानं काटा काढावा, गरम चहा द्या. तोही एक घोट पोटात गेला, आणि तेव्हा मी जो ओरडलो तो म्हणे चौथ्या घरापर्यंत ऐकू गेला. मावशी नुसतीच म्हणत होती, "तोंड उघडं ठेव, वारा लागू दे." आजी काही बोलली नाही. ती डबा घेऊन आली, माझ्या तोंडात मूठभर साखर कोंबली आणि मी पळू नये म्हणून तोंडावर तिचा खरखरीत तळवा दाबून धरला. साखर विरघळेपर्यंत. हळूहळू जग परत आलं. मग तिनं हात काढला, कुंडीतली दुसरी मिरची तोडली आणि मामेभावापुढे धरली. "हं. आता तू."

सायकल मला मिळाली. ती पंक्चर होती.

आता विचार करतो तर त्या सगळ्या गर्दीत शास्त्र एकट्या आजीकडे होतं. चहाचा तर उलटा खेळ आहे. आपल्या जिभेत, कातडीत, डोळ्यात उष्णता ओळखणारी एक यंत्रणा असते. साधारण 43 अंशांच्या पुढे काही लागलं की ती मेंदूला ओरडून सांगते, भाजलं! मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकी हीच घंटा वाजवतं. तोंडात काहीही तापलेलं नसताना मेंदू अग्निशमन दल पाठवतो: घाम, लाळ, अश्रू, नाकाचं पाणी, सगळे बंब एकदम. शिवाय एकदा मिरची लागली की ती घंटा इतकी हळवी होते की साधं कोमटही तिला उकळतं वाटतं. त्यावर काकांचा चहा. डेव्हिड ज्युलियस नावाच्या शास्त्रज्ञानं ही घंटा 1997 मध्ये शोधून काढली, तीही मिरचीचंच बोट धरून, आणि 2021 मध्ये त्याला त्या कामाबद्दल नोबेल मिळालं. कोणाला मिरचीनं नोबेल मिळतं, कोणाला पंक्चर सायकल.

म्हणजे तिखट ही चवच नव्हे, वेदना आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शाळेतल्या बाईंवर राग आला होता, कारण गोड, आंबट, खारटच्या रांगेत तिखट म्हटलं नाही म्हणून त्यांनी माझा गुण कापला असता. पण भाषेला हे आधीपासून ठाऊक असावं. साखर गोड लागते, चिंच आंबट लागते. मिरची झोंबते. झोंबणं हे काही चवीचं क्रियापद नाही, ते मारामारीचं आहे.

पक्ष्यांना मात्र ती झोंबत नाही. त्यांच्यातल्या घंटेला कॅप्सेसिन वाजवताच येत नाही. बी दाढांखाली चिरडणारे प्राणी दूर राहावेत आणि बी अख्खं गिळून लांबवर टाकणारे पक्षी जवळ यावेत, अशी झाडाची एकूण सोय. म्हणून पोपट मिरची मजेत खातो, आणि पोपट होतो तो आपला. झाडानं सगळ्या सस्तन प्राण्यांना स्वच्छ शब्दांत "खाऊ नका" म्हणून सांगितलं होतं, आणि आपण ती पाटी वाचून मिरचीची शेती सुरू केली.

आणि शेती करून थांबलो नाही, स्पर्धा लावली. विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञानं 1912 मध्ये तिखटाची मोजपट्टी काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ, आणखी पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांच्या जिभेला तिखट लागेनासं होईपर्यंत थांबायचं नाही. जितकं पातळ करावं लागेल तितके अंक. (चाखणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे त्यांच्या घरच्यांना विचारायला हवं.) 2023 मध्ये विक्रम केलेल्या पेपर एक्स या मिरचीचे अंक सरासरी 26,93,000 आहेत. हा आकडा वाचूनच मला उचकी लागते. एवढं तिखट जगाला कशाला हवं होतं, असा प्रश्न कोणी विचारत नाही. मी विचारतो. पण मोठ्यानं नाही, कारण मग लोक म्हणतात, "का, सोसत नाही का तुम्हाला?"

इथेच तर गोची आहे. मीठ जास्त झालं तर माणूस बिनदिक्कत सांगतो. कॉफी कडू झाली तर तोंड वाकडं करतो. तिखट मात्र लागलं असं कबूल करायचं म्हणजे जणू अंगातलं पाणी कमी निघालं. डोळे भरलेले, नाक वाहतंय, टाळूतून घाम फुटलाय, आणि माणूस म्हणतो, "छे, कुठे! मला जरा सर्दीच आहे."

लग्न ठरायच्या आधी तिच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मला अशीच सर्दी झाली होती. पहिल्या घासालाच ठसका लागला, तो मी खोकल्यात लपवला. दुसऱ्याला कपाळावर घाम. समोर तिची आई उभी. "तिखट नाही ना झालं?" त्यांनी विचारलं. नुसतं "नाही" म्हणून भागलं असतं. पण तिचे दोन भाऊ बघत होते. मी म्हणालो, "छे हो. अजून थोडं चाललं असतं."

या एका वाक्यानं मी पुढली तेवीस वर्षं जेवलो.

सहा-सात वर्षांनी मला कळलं की माझ्यासाठी वेगळं काढून त्यात वरून तिखट घातलं जातं. सगळं घर साधंच जेवत होतं. हे कळलं तेही बायकोच्या ताटातला एक घास चुकून उचलला म्हणून. तेव्हा सांगता आलं असतं. पण तेव्हा सांगायचं तर सहा-सात वर्षं खोटं बोलत होतो हेही सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काय व्हायचं ते लिहीत नाही. उष्णतेची ती घंटा शरीराच्या दुसऱ्या टोकालाही असते, एवढं सांगतो.

मी माझ्यापुरते मार्ग काढले. पाण्याला हात लावायचा नाही. कोरडा घास चघळत जिभेवरून फिरवायचा. श्वास तोंडानं घ्यायचा, पण हा-हू आवाज न करता. आणि दूध. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला मिठी मारून जिभेवरून उचलून नेतं. लोक म्हणतात सायीमुळे, पण चाचणीत साय काढलेलं दूधही तितकंच कामाला आलं. तर "मला जेवताना दूध लागतं" असं मी त्या घरी जाहीर केलं. नातेवाइकांत माझी ख्याती झाली: तिखट खाणारा आणि दूध पिणारा जावई, काय प्रकृती आहे! म्हण म्हणते, दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझं तोंड दुधानं कधीच पोळलं नाही. तेवीस वर्षं ते दुधावर टिकलं.

पुढे सासूबाईंना पोटाचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी त्यांचं तिखट बंद केलं. त्याच सुमारास गुडघेदुखीवर त्यांना एक मलम लिहून दिलं. नळी हातात घेऊन मी वाचलं तर आत कॅप्सेसिन. ते रोज चोळत राहिलं की दुखणं वाहून नेणाऱ्या नसा हळूहळू गप्प होतात. मी त्यांना सांगितलं, अहो, ही मिरचीच आहे. त्या इतक्या हसल्या! "पोटात नको म्हणाले ना, म्हणून गुडघ्याला भरवते." मलम लावून झालं की बजावायच्या, हात धुवा हं, डोळ्याला लावू नका. म्हणजे मला आजची सूचनाही मिळालेली होती.

मग त्या विसरायला लागल्या. आधी नावं, मग दिवस, मग गॅस. त्यांना स्वयंपाकघरात एकटं सोडत नसू, पण एकदा आम्ही गेलो तेव्हा त्यांनी हट्टानं पातेलं चढवलं. कोणी मध्ये यायचं नाही म्हणाल्या. माझ्यासाठी वेगळं काढलं, वरून काहीतरी भुरभुरल्यासारखं केलं. मी लांबून बघत होतो. चिमूट रिकामी होती.

ताट पुढे आलं. पहिला घास घेतला. तिखट नव्हतंच, मीठही नव्हतं. दुधाचा पेला मात्र न विसरता ठेवलेला.

"तिखट नाही ना झालं?"

तेवीस वर्षं या प्रश्नाला मी एकच उत्तर दिलं होतं. त्या दिवशी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, तोंडानं हा-हू केलं आणि म्हटलं, "झालंय हो जरा. आज जास्तच झालंय."

त्यांचा चेहरा असा फुलला! "तरी म्हटलं," त्या म्हणाल्या, "एक दिवस तुम्हालाही लागणार." आणि दुधाचा पेला माझ्याकडे सरकवला.

डोळ्यांची आग आता उतरलीय. दोन्ही लाल आहेत अजून, पण दिसतंय. पायपुसणं जागेवर नेऊन टाकलं, स्टूल सरळ केलं. हाताला तेलही लावलं, उशिरा का होईना. बायको येईलच एवढ्यात, आल्या आल्या विचारेल, डोळ्यांना काय झालं म्हणून.

कचरा गेला होता, म्हणेन.